घोड्याच्या पायाखालचा 'आय'

आजचा भाग कुरुंदवाडातून, आमच्या घराच्या माडीवरून. मधूनच खालून भांड्यांचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या. घरात लग्न आहे.

लग्न भाचीचं. तिच्या बांगड्यांसाठी आईनं आज्जीचा डबा काढला. २०१९ च्या पुरात माडीवर पहिल्यांदा आलेला डबा हाच. आत तीन गिन्या, तिन्हींना वर कडी जोडलेली, कारण आज्जी त्या माळेत ओवायची. बेत साधा होता: मोडीत घालायच्या, आटवायच्या, बांगड्या करायच्या. मी म्हटलं, आटवायच्या आधी एकदा नीट बघू तरी.

आता पहिली गोष्ट, आपण जिला गिनी म्हणतो ती खरं तर गिनी नव्हेच. खरी गिनी १६६३ ते १८१४ या काळात पाडली जायची, एकवीस शिलिंगांची. आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरच्या सोन्यावरून ते नाव पडलं. आपल्या घराघरात आहे तो सॉव्हरिन, १८१७ पासूनचा, वीस शिलिंगांचा म्हणजे एक पौंडाचा. पण नाव एकदा तोंडात बसलं की बसलं. सराफसुद्धा गिनीच म्हणतो आणि आठ ग्रॅम धरतो. नेमकं वजन ७.९८ ग्रॅम, सोनं बावीस कॅरेट. म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम, बाकी मुख्यतः तांबं. म्हणून ती जरा लालसर दिसते. कडी जोडलेली असली तर हे वजन जुळणार नाही, हे लक्षात ठेवा.

एका बाजूला घोडेस्वार. आज्जी त्याला खंडोबाच समजायची, रोज हात जोडायची. घोडा आहे, हातात शस्त्र आहे, खाली राक्षस लोळतोय, मग दुसरं कोण असणार? तो आहे सेंट जॉर्ज, आणि खाली ड्रॅगन. हे चित्र कोरलं बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन कारागिरानं. मूळचा तो रत्नांवर कोरीवकाम करणारा. भिंगातून बघा, घोड्याच्या खाली भाल्याचा तुटका तुकडा पडलाय. भाला मोडला म्हणून गड्यानं तलवार उपसलीय! नखाएवढ्या जागेत अख्खी लढाई बसवलीय त्यानं. उजव्या कोपऱ्यात बी. पी. ही त्याची आद्याक्षरंही आहेत. दुसऱ्या बाजूला पाचवा जॉर्ज, आणि भोवतीच्या लॅटिन अक्षरांत शेवटी 'इंड. इंप.', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. किंमत मात्र कुठंच लिहिलेली नाही. सोनं हीच तिची किंमत. आपल्याकडं सरकारी हिशेबात ती पंधरा रुपयांना चालायची.

आता मुख्य मुद्दा. साल लिहिलंय त्याच्या वर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या रेषेवर, मधोमध एक बारीक अक्षर असतं. नसलं तर नाणं लंडनचं. आमच्या एका गिनीवर काहीच नव्हतं. दुसरीवर 'एस', म्हणजे सिडनी. ऑस्ट्रेलियाचं सोनं कृष्णा-पंचगंगेच्या काठावर कसं आलं असेल, देव जाणे. आणि तिसरीवर, साल १९१८, 'आय'.

'आय' म्हणजे इंडिया. ही गिनी मुंबईची! पहिलं महायुद्ध चाललेलं, चांदी महागलेली, रुपये पुरेनात. एक रुपयाची आणि अडीच रुपयांची नोट त्याच दिवसांत निघाली. लोकांचा कागदावर भरवसा नव्हता, त्यांना नाणं पाहिजे होतं. तेव्हा फोर्टातल्या टांकसाळीत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा उघडली. आधी पंधरा रुपयांच्या सोन्याच्या मोहरा पाडल्या, वजनानं अगदी सॉव्हरिनएवढ्याच. मग ऑगस्ट १९१८ पासून सॉव्हरिन, सुमारे तेरा लाख. १९१९ मध्ये शाखा बंद झाली. त्या सगळ्या नाण्यांवर साल मात्र १९१८ च. पुढं हिंदुस्थानात 'आय' अक्षराची सॉव्हरिन पुन्हा पाडली गेली ती थेट २०१३ मध्ये, हरियाणात.

मी हे सगळं आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं, मग किंमत जास्त येणार का?" प्रश्न रास्त होता. उत्तर नाही असं. कडीचा टाका बसला की संग्राहक नाक मुरडतात, आणि कडी काढली तरी टाक्याचा व्रण राहतोच. म्हणजे सोन्याचाच भाव. वर एक गिनी मागं ठेवली तर बांगड्यांत आठ ग्रॅम कमी पडणार, ते वेगळंच. आई म्हणाली, "पोरीच्या अंगावर जाईल ते खरं. डब्यात ठेवून कोण बघतंय?"

मी गप्प बसलो. भाचीनं भिंग मागून घेतलं, बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "मामा, बांगड्या जरा बारीक करू. ही माझ्या मंगळसूत्राबरोबर ओवून द्या."

लंडन आणि सिडनी परवा सराफाकडं गेल्या. मुंबईची अजून डब्यात आहे, लग्नापर्यंत. तुमच्या घरातली गिनी काढून बघा, अक्षर सापडलं तर कळवा. बरं, खालून हाक आली, जातो.