शहरातील शेती आणि जमिनीचा हक्क
शहरात शेतीयोग्य जमीनच नसते, असे म्हटले जाते. क्यूबाच्या राजधानीचा अनुभव निराळा आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले आणि हवानाला मिळणारे तेल, खते, धान्य आटले. तेव्हा नागरिकांनी पडीक भूखंड, उकिरड्याच्या जागा लागवडीखाली आणल्या. माती निकस वा काँक्रीटखाली गाडलेली असेल, तेथे कंपोस्ट भरून उंच वाफे केले. मालकी स्वतःकडे ठेवून सरकारने अशा जमिनी कसणाऱ्यांना विनामूल्य वहिवाटीस दिल्या. क्यूबाची अन्नटंचाई त्याने मिटली नाही. पण ताजा भाजीपाला वस्तीतच पिकू लागला. माती माणसाला तयार करता येते. कसणाऱ्याचा हक्क मात्र राज्यसंस्थेकडूनच मिळवावा लागतो. म्हणून शहरात जमीन शोधणाऱ्या कार्यकर्त्याने मातीइतकीच मालकीचीही तपासणी केली पाहिजे.