वेगाचं जनुक आणि सरांची वही



धावण्यावर बोलायला मी उभी राहिले, म्हणून मागच्या रांगेत हसू फुटलंय ते दिसतंय मला. आठवीत शंभर मीटरमध्ये मी शेवटची आले होते, हे कुणीच विसरलेलं नाही. तेव्हा पीटीच्या सरांनी माझीही वेळ वहीत लिहून घेतली आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी ये."

ती वही मला गेल्या वर्षी आठवली. माझी मुलगी बारा वर्षांची, रोज धावायला जाते. कुणीतरी सुचवलं म्हणून मी तिची लाळ जनुक तपासणीला पाठवली. अहवाल आला : 'वेगाच्या खेळांसाठी अनुकूल नाही.' तो माझ्याआधी तिनेच वाचला. "आई, मग मी कशाला धावू?" दुसऱ्या दिवसापासून तिचे बूट कोपऱ्यात पडून.

तेव्हा मी त्यामागचं संशोधन वाचायला बसले. या जनुकाचं नाव एसीटीएन-३. त्यावरून अल्फा-ॲक्टिनिन-३ हे प्रथिन तयार होतं. झटक्यात आकुंचन पावणाऱ्या, म्हणजे वेगाच्या आणि ताकदीच्या स्नायुतंतूंत ते असतं. काही जणांत या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं आणि ५७७व्या जागी 'थांबा' असा आदेश येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम मध्येच बंद! आई-वडील दोघांकडूनही अशीच प्रत आली, तर हे प्रथिन मिळतच नाही. जगात साधारण पाचातल्या एकाचं असं असतं. पण हा आजार नव्हे. अल्फा-ॲक्टिनिन-२ हे त्याचं भावंड बरंचसं काम सांभाळून घेतं.

२००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अव्वल खेळाडू तपासले. सामान्य लोकांत हे प्रथिन नसलेले सुमारे १८ टक्के होते, वेग आणि ताकदीच्या खेळाडूंत ६ टक्के. म्हणजे फरक खरा आहे. पण स्नायूंच्या कामगिरीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम दोन-तीन टक्के भाग या जनुकाचा. उसेन बोल्टच्या जमैकात हे प्रथिन बहुतेक सगळ्यांकडेच असतं, म्हणून सगळे काही ऑलिंपिकला जात नाहीत. उलट, हे प्रथिन नसलेला एक स्पॅनिश खेळाडू ८.२६ मीटर लांब उडी मारून दोनदा ऑलिंपिकला गेला. आणि २०१५ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्टच सांगितलं, की गुणवत्ता हेरण्यासाठी मुलांची अशी तपासणी करूच नये.

मला लाज वाटली. दिवसभर आकड्यांत वावरणारी मी, आणि गटाची सरासरी माझ्याच मुलीच्या कपाळावर चिकटवली!

मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग मी जिंकेन?" मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. शनिवारी मैदानावर जाऊ, मी वेळ लिहून घेते." आता आमच्याही घरी एक वही आहे.

सर, त्या वर्षी मी आठ शनिवार आले होते. नंतरच्या शर्यतीत माझा नंबर शेवटून तिसरा आला. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आज वाजवल्यात तरी चालतील.