यंत्रालाही उंबरठा हवा

(ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्यापैकी अनेकांना ट्रंक कॉलचे दिवस आठवत असतील. नोंदणी करायची, तासन्‌तास वाट पाहायची आणि तीन मिनिटांत ख्यालीखुशाली आटोपायची. १ एप्रिल २००२ पासून भारतात आंतरजालावरून दूरध्वनी करण्यास परवानगी मिळाली. २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येऊ लागले, २०१६ मध्ये एकमेकांना पाहताही येऊ लागले. आज आजी पुण्यात बसून अमेरिकेतील नातवाचे औक्षण पडद्यावर करते. ही विज्ञानाची देणगीच आहे. परंतु ज्या वाटेने नातू घरात येतो, त्याच वाटेने भामटाही येतो. म्हणून या यंत्रालाही उंबरठा हवा.

माझ्या शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकेची गोष्ट सांगतो. एके दुपारी पोलिसी गणवेशातील एक माणूस त्यांच्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अवतरला. "तुमच्या आधार क्रमांकावर अमली पदार्थांचे पार्सल सापडले आहे. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचे नाही," असा त्याने दम भरला. दोन तास बाई खोलीत बसून होत्या. शेवटी मुदत ठेवीची पावती घेऊन बँकेत निघाल्या, तेव्हा सूनबाईंनी दारातच विचारले, "आई, चेहरा का असा उतरलाय?" त्या एका प्रश्नाने आयुष्यभराची पुंजी वाचली.

'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मधून हाच इशारा दिला होता. 'कोणाला सांगू नका' हे वाक्य कानी पडताच संभाषण तोडावे आणि प्रथम घरच्यांनाच सांगावे.

कोणी म्हणेल, व्हॉट्सअ‍ॅप तर सुरक्षित आहे ना? २०१६ पासून त्यावरील संभाषण सांकेतिक रूपात जाते, मध्ये कोणाला ते वाचता येत नाही, हे खरे. पण ते कुलूप वाटेला आहे. पलीकडचा माणूस कोण, याची हमी ते देत नाही. ती दक्षता आपणच घ्यायची.

त्यासाठी काही साध्या गोष्टी कराव्यात. सेटिंग्जमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करून सहा आकडी पिन ठेवावा. नोंदणीचा सांकेतिक क्रमांक मागणारा परिचित असला, तरी तो देऊ नये, कारण त्याचेच खाते चोराच्या हाती गेलेले असू शकते. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी यंत्र दिसल्यास ते काढून टाकावे. अनोळखी क्रमांकांचे कॉल मूक करण्याची सोय २०२३ पासून आहे, ती वापरावी. परक्याच्या सांगण्यावरून आपला पडदा त्याला दाखवू नये. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाअखेर 'एपीके' असेल, तर ती पत्रिका नव्हेच. ती उघडू नये. आता आवाजाचीही हुबेहूब नक्कल होते. तेव्हा घरात एक खुणेचा शब्द ठरवावा. संकटाच्या नावाने पैसे मागणाऱ्यास तो विचारावा.

बोलताना आवाज तुटू लागला, तर चित्र बंद करावे. केवळ आवाजाला पुष्कळ कमी डेटा लागतो. मात्र आणीबाणीत व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नये, त्यावरून ११२ क्रमांक लागत नाही. तो साध्या दूरध्वनीनेच लावावा.

उंबरठ्याला दुसरी बाजूही असते. आपल्या घरातून काय बाहेर जाते, हेही पाहिले पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भटक्या समाजातील, भिक्षा मागून पोट भरणारे निरपराध लोक होते. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या काळात भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण खरी मर्यादा आपल्या विवेकाची. बातमी आपल्या मताला कितीही सोयीची असो, खात्री नसेल तर ती आपल्यापाशीच थांबावी.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. आणि तरुणांनो, आई-वडिलांना 'तुम्हाला काही कळत नाही' असे म्हणू नका. त्या वाक्यानेच ते गप्प होतात, आणि भामट्याला हेच हवे असते. आज रात्री जेवणानंतर अर्धा तास त्यांच्याजवळ बसून या सेटिंग्ज करून द्या, एवढी विनंती करून मी थांबतो.