घसरत्या पावलांचा ताल



लावणी असो वा कथक, आपल्या नृत्यांत ताल पायात असतो. तळवा जमिनीवर पडतो, घुंगरू बोलतात आणि सम कुठे आली हे डोळे मिटून बसलेल्यालाही कळतं. आज ज्या नृत्याबद्दल मी बोलणार आहे, त्या आइस डान्समध्ये ही सोय नाही. बर्फावर पाऊल पडत नाही, ते घसरत जातं. साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद अशा रिंकवर दोन माणसं एकमेकांना धरून वेगाने जात असतात, आणि त्यांना ताल दाखवायचा असतो. जिथे आघातच होत नाही तिथे मात्रा दिसणार कशी? या खेळातली सगळी नृत्यरचना या एका अडचणीतून जन्माला आली आहे, असं माझं मत आहे.

उत्तर आहे ते पात्यात आणि गुडघ्यात. स्केटच्या पात्याला दोन कडा असतात, एक आतली आणि एक बाहेरची. शरीर ज्या कडेवर झुकेल तिकडे वळण निघतं. कड बदलली की वळणाची दिशा बदलते, आणि हा बदल नेमका मात्रेवर आला तर प्रेक्षकाला तो ताल म्हणून जाणवतो. गुडघा दुमडून पुन्हा वर येतो तेव्हा सगळं शरीर श्वास घेतल्यासारखं हलतं. व्हिएनीज वॉल्ट्झची ठरलेली गती मिनिटाला 156 मात्रांची आहे. एवढ्या मात्रांवर प्रत्येक वेळी पाऊल टाकलं तर नुसती धावपळ दिसेल. म्हणून चांगली जोडी एकाच पायावर अनेक मात्रा वाहून नेते आणि त्या गुडघ्यात, मोकळ्या पायाच्या ताणात, मानेच्या वळण्यात मोजते. आपल्या गायकाने विलंबितात एक स्वर धरून ठेवावा आणि तरीही आत लय चालू असावी, तसं हे आहे.

नियमही या प्रकाराला संगीताकडे ढकलतात. जोडी-स्केटिंगमधल्या मोठ्या उड्या इथे नाहीत, जोडीदाराला डोक्यावर हात नेऊन उचलता येत नाही, दोघांनी फार काळ दूर राहायचं नाही. म्हणजे टाळ्या मिळवून देणारी बरीचशी हत्यारं आधीच काढून घेतलेली. उरतं ते पदलालित्य, जवळीक आणि संगीत. 1976 साली इन्सब्रुकला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला, आणि तेव्हापासून त्याच्या इतिहासात एक रात्र सगळ्यांच्या वर आहे.

14 फेब्रुवारी 1984, सारायेव्हो. जेन टॉर्व्हिल आणि क्रिस्टोफर डीन, दोघंही इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे. तो आधी पोलिसात, ती विमा कंपनीत. संगीत निवडलं होतं राव्हेलचं ‘बोलेरो’, 1928 सालचं. त्या काळी फ्री डान्ससाठी, म्हणजे जोडीने स्वतः रचलेल्या नाचाच्या फेरीसाठी, तीन-चार वेगवेगळ्या तुकड्यांची जोडणी करायची पद्धत होती : थोडं जलद, थोडं संथ, पुन्हा जलद. या दोघांनी एकच रचना घेतली, आणि तीही अशी की जिची गती बदलतच नाही. ‘बोलेरो’त एक छोटा ढोल सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकच ठेका धरून असतो. त्यावर त्याच सुरावटी एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातात, आवाज वाढत जातो, रंग गडद होत जातो. लय तीच आणि ताण मात्र चढता, असा तो बांधा आहे.

पंधरा मिनिटांहून मोठी ही रचना कापायची होती. तिचा चढ शाबूत ठेवून ती चार मिनिटं अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना, आणि नियमाची मर्यादा होती चार मिनिटं दहा सेकंद. या अठरा सेकंदांवरचा त्यांचा तोडगा मला फार मोलाचा वाटतो. घड्याळ सुरू होत असे ते पातं बर्फाला लागल्यावर. म्हणून त्यांनी नाच गुडघ्यांवर बसून सुरू केला. दोन शरीरं समोरासमोर, पाती बर्फापासून दूर, फक्त हात आणि धड हलतंय. संगीत कापण्याऐवजी त्यांनी नृत्यरचना वाकवली, आणि त्यातूनच त्या नाचाची सर्वांत सुंदर सुरुवात मिळाली. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी सहापैकी 6.0 दिले. तांत्रिक गुणांतही तीन वेळा 6.0 होते.

आज ती 6.0ची गुणपद्धत राहिलेली नाही. 2004 पासून प्रत्येक घटकाला वेगळे गुण मिळतात. लिफ्टला, म्हणजे जोडीदाराला उचलण्याला, सेकंदांची मर्यादा आहे, पदन्यासाच्या पातळ्या ठरलेल्या आहेत. परीक्षण त्यामुळे अधिक तपासण्याजोगं झालं, हे मान्य करायलाच हवं. पण संगीताची कापाकापी थांबलेली नाही. गाण्याचा मुखडा, मध्येच दुसऱ्या गाण्याचा ढोल, शेवटी तिसऱ्याचा चढ, असे तुकडे अजूनही सर्रास जोडले जातात. तुकडा बदलला की नर्तकांनी उभा केलेला भाव तिथेच तुटतो. 1997-98च्या हंगामापासून आइस डान्समध्ये शब्द असलेली गाणीही चालू लागली. त्यातून एक सोपी वाट निघाली : शब्दांत हृदय आलं की छातीवर हात. ही मला नृत्यरचना वाटत नाही.

उसनं घेतलेलं संगीत कसं वापरावं, याचं आपल्याला जवळचं उदाहरण 2010चं आहे. त्या हंगामातल्या ओरिजिनल डान्स या फेरीचा विषय होता लोकनृत्य. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी ‘देवदास’मधली ‘डोला रे’ आणि ‘सिलसिला ये चाहत का’ ही गाणी आणि ‘कजरा रे’ घेतलं. ही लोकगीतं नव्हेत, सिनेमाची गाणी आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ‘डोला रे’ म्हणजे सरोज खान यांची रचना आणि माधुरी दीक्षितची कथकात मुरलेली पावलं. त्यातला ठेका बर्फावर आणायचा म्हणजे तळवा नसताना तळव्याचं काम करायचं. या दोघांनी मिशिगनमधल्या एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडे शिकून घेतलं, आणि ठेका हातांच्या मुद्रांत, मानेत, खांद्यांत नेऊन ठेवला. व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना एकूण रौप्यपदक मिळालं.

त्याच हंगामात रशियाच्या ओक्साना डोम्निना आणि मॅक्सिम शाबालिन यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा नाच सादर केला. गडद अंगलगत कपडे, त्यावर पांढरे पट्टे, कमरेला पाला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी नेत्यांनी तीव्र निषेध केला, आणि व्हँकुव्हरपूर्वी वेशभूषा सौम्य करावी लागली. जोडी कांस्यपदकाची मानकरी ठरली, पण तो नाच फसलेलाच होता. एका ठिकाणी हालचाल शिकून घेतली होती, दुसरीकडे फक्त वेश.

आता संगीत अखंड ठेवणाऱ्या एका जोडीकडे येऊ : गॅब्रिएला पापादाकिस आणि गिलॉम सिझरॉन. ही फ्रेंच जोडी 2014च्या जागतिक स्पर्धेत तेरावी होती. पुढच्याच वर्षी शांघायमध्ये मोत्सार्टच्या तेविसाव्या पियानो कॉन्चेर्टोतल्या संथ भागावर ती विश्वविजेती झाली. ठेका धरणारं वाद्य जवळपास नाही अशा संगीतावर लय दाखवणं सर्वांत अवघड, कारण ती पूर्णपणे नर्तकांच्या अंगात असावी लागते. 2022 साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये फोरेच्या ‘एलेजी’वर त्यांनी सुवर्णपदक मिळवलं तेही असंच. चेलोचा एक गज ओढला जातो तेवढं लांब एक वळण, आणि दोघांचे गुडघे एकाच क्षणी दुमडलेले. टॉर्व्हिल-डीन यांच्यानंतर संगीताला इतकं अखंड ठेवणारी दुसरी जोडी माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे हा खेळ दूरदर्शनच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरच भेटतो, आणि कॅमेरा लिफ्टवर रेंगाळतो. माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी पाहाल तेव्हा लिफ्टची वाट पाहू नका. दोघांचे गुडघे बघा, आणि समेवर ते काय करतात ते बघा. तालाची जाण तुमच्याकडे आहेच. या नृत्याचे गुण तुम्ही परीक्षकांच्या आधी सांगाल.