टिलरला चिठ्ठी बांधा



आपली अलोऱ्याची खाचरे लहान. त्यांत मोठा ट्रॅक्टर वळत नाही, टिलर वळतो. पण लावणी आटोपली की बहुतेकांचा टिलर पुढच्या मृगापर्यंत पडवीत उभा राहतो. थंड देशांत इंजिनातले पाणी गोठते आणि इंजिन फुटते. आपल्या कुंभार्ली घाटाखाली बर्फ नाही, पण ओल फार. ओलीने गंज चढतो.

तेव्हा आम्ही सांगतो तसे करा. इंजिन निवले की चिखल धुवा. पाती खरवडा, पुसा, तेल लावा. मग टिलर अंगणात, उघड्यावर थोडा चालवून बंद करा. इंजिन कोमट आहे तोवर जुने तेल काढा, नवे भरा. जळक्या तेलातले आम्ल लोखंड खाते. डिझेलची टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत आतून पाणी धरते. इंजिन पाण्यावर थंड होणारे असेल, तर ते पुरते निवल्यावर पाणी सोडून द्या. पट्टे सैल करा. धुराच्या नळीला फडके बांधा.

आता मुख्य गोष्ट. जूनमध्ये टिलर कोण सुरू करील? मुंबईहून आलेला मुलगा असेल, घरची सून असेल. पाणी काढलेले त्यांना कसे कळणार? पाण्याशिवाय इंजिन चालले तर तापून अडकते. मग ऐन चिखलणीत खोळंबा, दुरुस्तीचा खर्च, वर बँकेचा हप्ता!

म्हणून पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : ‘पाणी काढले आहे. पट्टे सैल आहेत. नळीला फडके आहे.’ खाली तारीख घाला. पुठ्ठा टिलरच्या मुठीला बांधा. आपण आता लिहू लागलो आहोत. ते लिहिणे असे कामाला येऊ द्या.