माईक घेण्याआधी खोली ऐका



मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. निवृत्त झाल्यावर गाणं शिकायला लागलो. तेव्हापासून इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, मराठी मंडळात गेलो की कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "साहेब, घरी गाणं रेकॉर्ड करायचंय. माईक कोणता घेऊ?" मी उलट विचारतो, "खोली कोणती आहे?" समोरच्याला वाटतं, मी प्रश्न टाळतोय. पण उत्तर तिथूनच सुरू होतं.

आधी एक साधा प्रयोग सांगतो. ज्या खोलीत गाणार आहात, तिथे मोबाईल ठेवा आणि एक मिनिट काही न बोलता रेकॉर्डिंग करा. मग हेडफोन लावून ऐका. पंखा, फ्रीज, रस्त्यावरच्या रिक्षा, शेजारचा कुकर. आपले कान या आवाजांना सरावलेले असतात, माईक नसतो. आता खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आलं, तर भिंती उघड्या आहेत. फरशी, काच आणि रंगवलेल्या भिंती म्हणजे आपली बहुतेक घरं.

आता माईकचे दोन मुख्य प्रकार बघू. डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. पडदा थरथरला की ते चुंबकाच्या क्षेत्रात हलतं आणि वीज तयार होते. मंचावर सगळीकडे दिसणारा शूअरचा एसएम ५८ हा असाच माईक. तो १९६६ साली आला आणि आजही विकला जातो. कंडेन्सर माईकमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे एक पट्टी असते. दोघांमधलं अंतर बदललं की विद्युत संकेत बदलतो. त्याला बाहेरून वीज लागते, बहुधा ४८ व्होल्ट, ज्याला फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सर बारकावे छान टिपतो: मुरकी, श्वास, शब्दाच्या शेवटचा हलका स्वर. म्हणून स्टुडिओत तोच दिसतो. पण स्टुडिओची खोली आवाज शोषून घेणारी असते. तोच माईक आपल्या दिवाणखान्यात आणला, तर तितक्याच प्रामाणिकपणे तो कुकरची शिट्टीही टिपणार.

सैन्यात आम्ही ही गोष्ट रोज वापरत होतो. रणगाड्यात इंजिनाचा गोंगाट इतका असतो, की शेजारचा ओरडला तरी कळत नाही. तरी वायरलेसवर आवाज स्पष्ट जातो, कारण हेडसेटचा माईक ओठांच्या अगदी जवळ असतो. अंतर दुप्पट केलं, की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र जवळजवळ तेवढीच राहते. म्हणजे तुम्ही माईकपासून लांब गेलात, की खोली जिंकते.

म्हणून माझा सल्ला असा. खोली उघडी आणि गल्ली गजबजलेली असेल, तर डायनॅमिक घ्या आणि चार ते आठ सेंटीमीटरवरून गा. हा माईक गोंगाट जादूने गाळतो असं नाही. तो जवळून गाण्यासाठी बनवलेला आहे, आणि जवळीकच गोंगाट मागे टाकते. खोली शांत असेल, गाद्या, पडदे, पुस्तकांची कपाटं असतील, तर कंडेन्सर घ्या आणि वीतभर अंतरावर बसा.

दुसरा प्रश्न तुमच्या आवाजाचा. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रणासाठी गायलं ते भोंग्यात. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आलं. भोंग्यासमोर आवाज फेकावा लागे. माईकसमोर तशी गरज नाही. पण प्रत्येक आवाजाचा स्वभाव वेगळा असतो. जवळून गायलं की एकदिशीय माईकमध्ये खर्ज फुगतो. पातळ आवाजाला ते मानवतं, मंद्र सप्तकात रमणाऱ्या जाड आवाजाला गढूळ करतं. काही स्वस्त कंडेन्सर वरच्या पट्टीला उठाव देतात, त्यामुळे 'स', 'श', 'च' टोचू लागतात. आवाज मुळात धारदार असेल, तर असा माईक टाळा. अगदी हळू गाणाऱ्याला डायनॅमिक घेतल्यास चांगला ऑडिओ इंटरफेस लागतो, नाहीतर आवाज वाढवताना सूं असा खरखराट वाढतो.

मराठीत 'प', 'फ', 'भ', 'ख' यांच्याबरोबर हवेचा झोत येतो. 'पांडुरंग' म्हणताना ओठांसमोर तळहात धरून पाहा. त्यासाठी जाळी लावा आणि माईक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता जरा तिरपा ठेवा. पातळी अशी लावा, की तार सप्तकातही काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. आणि फोनवरचं किंवा व्हिडिओ कॉलचं 'नॉइज सप्रेशन' बंद ठेवा. एकसारख्या सुरात वाजणारा तानपुरा त्याला गोंगाट वाटतो आणि तो पुसून टाकतो.

माझी थोरली बहीण बडोद्याला असायची. जात्यावरच्या ओव्या तिला आईकडून आलेल्या, कुठेही लिहिलेल्या नाहीत. नातवाने हौसेने कंडेन्सर आणला होता, पण रस्त्यावरचं घर, त्यात स्कूटरींचाच आवाज जास्त. आम्ही पंखा बंद केला. माईक एकदिशीय असल्यामुळे त्याची पाठ खिडकीकडे केली. ताईच्या मागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या, कारण भिंतीवरून परतणारा आवाज गायकाच्या पाठीमागूनच माईकच्या तोंडात शिरतो. साधा डायनॅमिक माईक तिच्या हनुवटीजवळ धरला. तीन दुपारींत सव्वीस ओव्या झाल्या. पुढच्या वर्षी ताई गेली. आता तिच्या पणतीला त्या ओव्या पाठ आहेत, आणि आवाजातला कंपही ती तसाच घेते.

हे सांगतोय, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण साठी ओलांडलेले आहेत किंवा साठी ओलांडलेल्यांची मुलं आहेत. चांगला माईक पुढच्या दिवाळीलाही मिळेल. आवाज तोवर तसाच राहील, याची खात्री नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांत तर ही गाणी ऐकायला दुसरी जागाही नसते.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. नामांकित माईकच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. आणि मुंबई, गोवा, कोचीसारख्या दमट हवेत कंडेन्सर कुरकुरतो. काम झालं की तो सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवा. सैन्यात आम्ही दुर्बिणी अशाच सांभाळायचो.

तेव्हा आज रात्री ते एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करा. त्यात काय काय ऐकू आलं ते कागदावर लिहा. त्यातलं जे बंद करता येईल ते बंद करा, जे झाकता येईल ते गोधडीने झाका. जे उरेल, ते दुकानदाराला सांगा आणि मगच माईक मागा. आणि घरात कोणी गाणारं वडीलधारं असेल, तर माईक येईपर्यंत थांबू नका. खिडकी लावा, फोन जवळ धरा आणि त्यांना गायला सांगा.