टर्बो इंजिनाचा ब्रीदर
डिझेल इंजिनात जळालेल्या वायूंपैकी थोडा भाग पिस्टनच्या रिंगांमधून निसटून ऑईल चेंबरमध्ये उतरतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्यात ऑईलचे सूक्ष्म थेंब, काजळी आणि पाण्याची वाफ असते. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणून हा वायूही वाढतो. शिवाय टर्बोच्या दांड्याच्या सीलमधून थोडी हवा ऑईल परतीच्या नळीवाटे चेंबरमध्ये येते. हा सगळा दाब ब्रीदरमधून बाहेर पडतो.

जुन्या रचनेत ब्रीदरची नळी उघडी असते. वसमत तालुक्यातील हट्टा परिसरासारख्या शेतीच्या भागात ट्रॅक्टर धुळीत राबतो, तिथे या नळीतून येणारे ऑईल रेडिएटरवर बसले की त्यावर धूळ चिकटते आणि इंजिन तापते. बंद रचनेत वायू टर्बोच्या तोंडाशी परत जातो. वाटेतला सेपरेटर ऑईल गाळून खाली सोडतो. तो निकामी झाला तर ऑईल इंटरकूलरमध्ये साचते आणि हवा नीट थंड होत नाही.

ब्रीदर तुंबणे सर्वांत घातक. चेंबरमधला दाब वाढला की टर्बोचे ऑईल खाली उतरत नाही, सीलमधून गळते, निळसर धूर येतो. अशा वेळी दोष टर्बोलाच लावला जातो आणि महागडा टर्बो विनाकारण बदलला जातो. म्हणून आधी ब्रीदरची नळी आणि सेपरेटर तपासणे हेच योग्य. दोन्ही मोकळे असूनही इंजिन चालू असताना ब्रीदरमधून धूर जोराने सतत फेकला जात असेल, तर रिंगा किंवा लायनर झिजल्याची शक्यता मोठी असते.